केस पेपरवरची पहिली ओळ: जखमा आणि अपघातांचं इंग्रजी

नागपुरात अपघाताची चौकशी मराठीत होते, हिंदीत होते, कधी एकाच वाक्यात दोन्हींत होते. मेडिकल असो, मेयो असो की मिहानमधलं एम्स, कॅज्युअल्टीतले डॉक्टर विचारतात, ‘काय झालं भाऊ, कसे पडले?’ छिंदवाडा-शिवनीकडून आलेल्या नातेवाइकाला हेच हिंदीत विचारलं जातं. पण पेन कागदाला टेकलं की भाषा बदलते. लिहिलं जातं इंग्रजीत, तेही निम्मं आद्याक्षरांत. पुढे विमा कंपनी, पोलीस, न्यायाधिकरण सगळे तो कागद वाचतात. तुम्ही तोंडी काय सांगितलं होतं ते कुणाच्याच फायलीत नसतं.

म्हणून जखमा-अपघातांचे इंग्रजी शब्द शिकायचे ते आधी वाचण्यासाठी, मग बोलण्यासाठी. बोलण्याची वेळ बेंगळुरूत किंवा परदेशात गेलेल्या मुलामुलींवर येते, विमा कंपनीच्या फोनवर येते. वाचण्याची वेळ मात्र सक्करदऱ्यातल्या घरात बसूनही येते.

आणि रक्त वाहत असताना शब्दांच्या मागे लागू नये. १०८ किंवा ११२ लावावा, सरळ मराठीत बोलावं, आणि जागा नीट सांगावी. ‘वर्धा रोडवर’ एवढं पुरत नाही. कोणता चौक, कोणती बाजू, शहराकडे येताना की जाताना. समृद्धी महामार्गावर किलोमीटरचा आकडा आणि मुंबईकडची बाजू की नागपूरकडची, हे दोन्ही.

आधी शरीर

याद्या पाठ करणारे बहुतेक जण ‘फ्रॅक्चर’पासून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात शरीरापासून करावी, कारण घोटाळा तिथंच जास्त होतो. मराठीत ‘पाय’ म्हटलं की खुब्यापासून नखापर्यंत सगळं आलं. इंग्रजीत घोट्याच्या खाली ‘फूट’ आणि वर ‘लेग’. डॉक्टरांच्या लिखाणात त्याहून काटेकोर: ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, त्याच्या वरची मांडी ‘थाय’. हाताचंही तसंच. मनगटाच्या पुढे ‘हँड’, मनगट ते कोपर ‘फोरआर्म’, आणि कोपर ते खांदा, म्हणजे आपला दंड, तो ‘आर्म’. ‘माय हँड इज ब्रोकन’ असं फोनवर सांगून प्लास्टर दंडाला असेल, तर समोरचा माणूस गोंधळणारच.

बाकीचे शब्द आरशासमोर उभं राहून, त्या त्या जागी बोट ठेवून म्हणावेत. कपाळ ‘फोरहेड’, कानशील ‘टेम्पल’, जबडा ‘जॉ’, हनुवटी ‘चिन’, हासळीचं हाड ‘कॉलरबोन’, बरगडी ‘रिब’, काख ‘आर्मपिट’, कोपर ‘एल्बो’, मनगट ‘रिस्ट’, खुबा ‘हिप’, जांघ ‘ग्रॉइन’, गुडघा ‘नी’, गुडघ्याची वाटी ‘नीकॅप’, नडगी ‘शिन’, पोटरी ‘काफ’, घोटा ‘अँकल’, टाच ‘हील’, तळवा ‘सोल’. पोटरीचा उच्चार ‘काल्फ’ करू नये, त्यातला ल बोलत नाहीत. आणि फोनवर ‘माय काफ हर्ट्स’ म्हटल्यावर समोरच्यानं खोकल्याचं औषध विचारलं, तर ‘लोअर लेग, द बॅक साइड’ असं जोडावं.

तीन जागा जरा जपून. एक, कंबर. आपण ‘कंबर धरली’ म्हणतो ते इंग्रजीत ‘लोअर बॅक’. ‘वेस्ट’ म्हणजे पट्टा बांधायची जागा, तिथं सहसा काही दुखत नाही. दोन, गळा. बाहेरून दिसणारा तो ‘नेक’, पुढची बाजू असेल तर ‘फ्रंट ऑफ द नेक’. ‘थ्रोट’ म्हटलं की आधी आतला घसा डोळ्यासमोर येतो. तीन, बोटं. हाताची ‘फिंगर’, पायाची ‘टो’, पायाचा अंगठा ‘बिग टो’. हाताची बोटं आकड्यानं सांगू नका. ‘फोर्थ फिंगर’ म्हणताना कुणी अंगठा धरून मोजतो, कुणी सोडून. ‘थंब, इंडेक्स, मिडल, रिंग, लिटल’ अशी नावंच घ्यावीत. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर तर ती नावानं आहेत का, हे आवर्जून बघावं. तिथलं डावं-उजवं पेशंटचं असतं, समोर उभ्या असलेल्याचं नव्हे. कागदावर ते ‘एलटी’ आणि ‘आरटी’ असं येतं.

कसं झालं ते

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. केस पेपरची पहिली ओळ साधारण अशी असते: ‘ॲलेज्ड हिस्टरी ऑफ आरटीए, टू-व्हीलर स्किड, नियर मानकापूर स्क्वेअर, ॲट अराउंड ९ पीएम.’ आरटीए म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्सिडेंट. ‘ॲलेज्ड’ वाचून काही लोक चिडतात, आम्ही काय खोटं बोलतो का म्हणून. तसं काही नाही. डॉक्टरांनी अपघात डोळ्यांनी पाहिलेला नसतो, त्यामुळे पोलीस केस होऊ शकणाऱ्या प्रत्येक प्रकरणात ‘सांगितल्याप्रमाणे’ या अर्थानं ते हा शब्द लिहितात.

चिडायचंच असेल तर पुढच्या शब्दावर लक्ष ठेवा. ‘स्किड’ म्हणजे गाडी आपसूक घसरली. ‘हिट बाय’ म्हणजे कुणीतरी धडक दिली. ‘हिट बाय अननोन व्हेइकल’ म्हणजे धडक देणारा पळून गेला. घाबरलेला माणूस ‘गाडी स्लिप झाली’ एवढंच सांगतो आणि मागून ट्रकनं दिलेला धक्का सांगायचा राहून जातो. हा फरक पैशांत मोजला जातो. पळून गेलेल्या वाहनाच्या अपघातासाठी, ज्याला ‘हिट अँड रन’ म्हणतात, १ एप्रिल २०२२ पासून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास ५० हजार रुपये भरपाईची केंद्राची योजना आहे. कागदावर नुसतं ‘स्किड’ असेल तर तो दावा सुरुवातीलाच लंगडा पडतो.

रस्त्यावरचे बाकीचे शब्द असे. समोरासमोर धडक ‘हेड-ऑन कोलिजन’. मागून धडक ‘हिट फ्रॉम बिहाइंड’. घासून जाणं ‘साइडस्वाइप’. पलटी ‘ओव्हरटर्न्ड’, आपल्याकडे ‘टर्न टर्टल’ही चालतं. अंगावरून चाक जाणं ‘रन ओव्हर’, त्याचा भूतकाळ ‘वॉज रन ओव्हर’. गाडीवरून फेकलं जाणं ‘थ्रोन ऑफ’. गाडी चालवणारा ‘रायडर’, डबलसीट बसलेला ‘पिलियन’, पायी जाणारा ‘पेडेस्ट्रियन’. हे तीन शब्द कागदावर चुकले तर विमा कंपनी प्रश्न विचारते, कारण परवाना लागतो तो चालवणाऱ्याला. पोलिसांच्या आणि विम्याच्या भारतीय इंग्रजीत ‘गेव्ह डॅश’ सर्रास दिसतं. इथं ते खपतं. परदेशातल्या डॉक्टरला ‘हिट’च सांगावं.

वाक्यातला कर्ताही जागेवर हवा. ‘आय हिट द कार’ आणि ‘द कार हिट मी’ यांत शब्द तेवढेच, पण दोष इकडचा तिकडे जातो. ‘आय डिड ॲन ॲक्सिडेंट’ तर चुकूनही म्हणू नये. ‘आय हॅड ॲन ॲक्सिडेंट’ किंवा ‘आय मेट विथ ॲन ॲक्सिडेंट’ म्हणावं. दुखापत माणसाला होते ती ‘इन्ज्युरी’, गाडीला होतं ते ‘डॅमेज’. दाव्याच्या फॉर्मवर हे दोन रकाने वेगळे असतात.

घरातलं, कामावरचं पडणं हा वेगळा प्रकार. त्यासाठी मराठीत आपण किती बारकाईनं बोलतो बघा: ठेच लागून, पाय घसरून, तोल जाऊन, चक्कर येऊन. कागदावर या चारींचं मिळून ‘सेल्फ फॉल’ होतं. असं सपाट होऊ देऊ नका. ठेच लागली तर ‘ट्रिप्ड’, घसरलं तर ‘स्लिप्ड’, तोल गेला तर ‘लॉस्ट बॅलन्स’, चक्कर येऊन शुद्ध गेली तर ‘फेंटेड’. शेवटचा शब्द डॉक्टरांच्या दृष्टीनं सर्वांत मोठा आहे. आजोबा चक्कर येऊन पडले की पडल्यामुळे शुद्ध हरपली, यावर पुढच्या तपासण्या ठरतात. हृदयाची तपासणी आधी की डोक्याचं सीटी आधी, हा प्रश्न तिथंच सुटतो. उंचीवरून पडलं तर ‘फॉल फ्रॉम हाइट’ आणि किती फूट, तेही लिहून घ्यावं.

ज्यांनी जखमीला आणलं त्यांचाही एक रकाना असतो, ‘ब्रॉट बाय’. रस्त्यावरचा अनोळखी माणूस मदतीला आला असेल तर तो ‘बायस्टँडर’, आणि कायद्याच्या भाषेत ‘गुड समॅरिटन’. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १३४-ए त्याला संरक्षण देतं. नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक गाडी थांबवत नाहीत.

जखमेचा प्रकार

मराठीत ‘लागलं’ या एका शब्दावर आपलं भागतं. डॉक्टरांचं भागत नाही, न्यायालयाचं तर मुळीच नाही. खरचटलं ते ‘ॲब्रेजन’, बोलताना ‘स्क्रेप’. मुका मार, काळंनिळं पडणं ते ‘कन्ट्यूजन’, बोलताना ‘ब्रूझ’. बोथट वस्तूनं किंवा रस्त्यावर आपटून कातडी फाटली की ‘लॅसरेशन’. धारदार वस्तूनं कापलं की ‘इन्साइज्ड वूंड’. भोसकलं की ‘स्टॅब वूंड’, खिळा-काटा रुतला की ‘पंक्चर वूंड’. बोटाचा तुकडा पडला तर ‘ॲम्प्युटेशन’. यंत्रात किंवा चाकाखाली सापडून चिरडलं तर ‘क्रश इन्ज्युरी’, आणि कातडी मोज्यासारखी सोलून निघाली तर ‘डीग्लव्हिंग’. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी शेवटचे तीन शब्द ओळखीचे करून घ्यावेत. ‘वूंड’चा उच्चार वूंडच आहे, ‘वाउंड’ म्हणजे गुंडाळलेलं.

केस पेपरवर ‘सीएलडब्ल्यू’ दिसलं की समजावं ‘कन्ट्यूज्ड लॅसरेटेड वूंड’. पुढे मापं असतात, लांबी, रुंदी आणि खोली, शेवटी ‘ओव्हर लेफ्ट शिन’ अशी जागा. लॅसरेशन की इन्साइज्ड, यावर मारहाणीच्या प्रकरणात हत्यार काठी होती की चाकू, हे ठरतं. गंमत अशी की डोक्याच्या किंवा नडगीच्या कातडीखाली लगेच हाड असल्यामुळे काठीचा मारही तिथं सुरीनं कापल्यासारखा सरळ दिसतो. नीट बघणारा डॉक्टर कडा तपासूनच शब्द निवडतो.

मेडिको-लीगल कागदावर, ज्याला सगळे एमएलसी म्हणतात, जखमेपुढे आणखी एक शेरा असतो: ‘सिंपल’ किंवा ‘ग्रीव्हस’. सिंपल म्हणजे साधी असं वाचून हलकं घेऊ नका; हा कायद्याचा शब्द आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ग्रीव्हस हर्टचे आठ प्रकार दिलेत. दृष्टी किंवा श्रवण कायमचं जाणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं, हाड किंवा दात मोडणं अथवा निखळणं हे त्यात येतं. शेवटचा प्रकार दिवसांचा आहे. जिवाला धोका निर्माण करणारी, किंवा जखमीला तीव्र वेदनेत अथवा रोजची कामं करता न येण्याच्या स्थितीत १५ दिवस ठेवणारी दुखापत ग्रीव्हस ठरते. जुन्या दंड संहितेत ही मर्यादा २० दिवसांची होती. दात पडला की आपण ‘चला, दातावर निभावलं’ म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही.

हाडं

‘फ्रॅक्चर नाही, फक्त क्रॅक आहे’ हे वाक्य नागपुरात घरोघरी ऐकू येतं. क्रॅक हेही फ्रॅक्चरच. बारीक रेघ असेल तर ‘हेअरलाइन’. कातडी शाबूत असेल तर ‘क्लोज्ड’ किंवा ‘सिंपल’, हाडाचा संबंध बाहेरच्या हवेशी आला असेल तर ‘ओपन’ किंवा ‘कंपाउंड’. चुरा झाला असेल तर ‘कॉमिन्यूटेड’. तुकडे जागेवर असतील तर ‘अनडिस्प्लेस्ड’, सरकले असतील तर ‘डिस्प्लेस्ड’. लहान मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं एका बाजूनं वाकून मोडतं, म्हणून त्याला ‘ग्रीनस्टिक’. शरीराच्या मधल्या भागाकडचं टोक ‘प्रॉक्झिमल’, लांबचं ‘डिस्टल’. तेव्हा ‘डिस्टल रेडियस’ म्हणजे फोरआर्ममधल्या रेडियस या हाडाचं मनगटाजवळचं टोक. हात टेकून पडणाऱ्या आजींच्या एक्स-रे रिपोर्टवर हे दोन शब्द हमखास असतात.

सांधा निखळला तर ‘डिसलोकेशन’. पाय मुरगळला, म्हणजे सांध्याचे बंध ताणले, तर ‘स्प्रेन’. स्नायू किंवा त्याची दोरी ताणली तर ‘स्ट्रेन’. लचक भरली म्हणतो ती बहुतेक वेळा स्ट्रेन, घोटा मुरगळतो ती स्प्रेन. बोलताना मात्र सोपं ठेवावं: ‘आय ट्विस्टेड माय अँकल.’ आणि ‘आय ब्रोक माय लेग’ म्हणायला बिचकू नका. मी मुद्दाम मोडला, असा अर्थ त्यातून निघत नाही.

डोकं आणि शुद्ध

डोक्याला मार लागल्यावर तीन गोष्टी विचारतात आणि तिन्ही लिहितात: एलओसी, व्हॉमिटिंग, ईएनटी ब्लीड. म्हणजे शुद्ध गेली होती का, उलटी झाली का, कान-नाक-घशातून रक्त आलं का. ‘नो एच/ओ एलओसी’, म्हणजे शुद्ध गेल्याची हिस्टरी नाही, असं लिहिलं असेल आणि माणूस प्रत्यक्षात दोन मिनिटं बेशुद्ध होता, तर तिथंच बोलावं. जखमीला स्वतःला ते आठवत नसतं. सोबत असणाऱ्यानंच सांगायचं असतं, ‘ही वॉज अनकॉन्शस फॉर टू मिनिट्स.’

‘जीसीएस १५’ दिसलं तर जीव भांड्यात पडू द्या. जीसीएस म्हणजे ग्लासगो कोमा स्केल. ग्लासगोमध्ये १९७४ साली तयार झालेली शुद्धीची ही मोजपट्टी ३ ते १५ अशी जाते: डोळे उघडण्याला जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याला ५, हालचालीला ६. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीवर, ३ सगळ्यांत वाईट. शून्य या पट्टीत नाहीच.

‘कन्कशन’ आणि ‘कन्ट्यूजन’ हे जुळ्या भावांसारखे दिसणारे शब्द एकदा नीट बघून ठेवा. पहिल्यात मेंदूला हादरा बसून त्याचं काम काही काळ बिघडतं, आणि सीटी स्कॅन साफ येऊ शकतो. दुसऱ्यात मुका मार, तोही मेंदूला असेल तर स्कॅनमध्ये दिसू शकणारा.

आयसीयूच्या दाराशी ऐकू येणारे शब्दही इथंच सांगतो. ‘क्रिटिकल’ म्हणजे जिवाला धोका आहे. ‘स्टेबल’ म्हणजे आत्ता तब्येत खालावत नाही. बरं वाटतंय असा त्याचा अर्थ नाही. ‘पेशंट इन शॉक’ ऐकून त्याला धक्का बसलाय असं समजू नये. रक्तदाब खाली गेलाय, शरीराला रक्तपुरवठा पुरत नाही, असा तो गंभीर शब्द आहे. विजेचा शॉक लागला असेल तर ‘इलेक्ट्रिक शॉक’ असं पूर्ण म्हणावं. ‘इलेक्ट्रोक्यूशन’ हा शब्द विजेनं मृत्यू झाल्यावरच वापरावा.

आपल्या गावचे अपघात

जानेवारीत मांजा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं नायलॉन मांजावर २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीच्या सुमाराला उड्डाणपुलांवर दुचाकीस्वारांचे गळे कापले जातात. सांगायचं ते असं: ‘नायलॉन काइट स्ट्रिंग कट द फ्रंट ऑफ माय नेक.’ इंग्रजी बातम्यांत ‘थ्रोट स्लिट’ येतं, पण त्याला खुनाचा वास आहे. आपल्या जबाबात तो शब्द नको.

मे महिन्यात ऊन. ‘ऊन लागलं’, ‘लू लागली’ यासाठी तीन पायऱ्या आहेत. गोळे येतात ते ‘हीट क्रॅम्प्स’. घाम, थकवा, मळमळ हे ‘हीट एक्झॉशन’. अंगाचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन माणूस बरळू लागला किंवा शुद्ध हरपली तर ‘हीट स्ट्रोक’. फोनवर कधीही नुसतं ‘स्ट्रोक’ म्हणू नका, ऐकणारा पक्षाघात समजेल आणि धावपळ भलत्याच दिशेनं होईल.

भाजण्याला मराठीत पुरेसे शब्द आहेत, इंग्रजीत दोन लक्षात ठेवले की झालं. ज्वाळेनं, तव्यानं भाजलं ते ‘बर्न’. उकळतं पाणी, वरण, कुकरची वाफ यांनी पोळलं ते ‘स्काल्ड’. फोड ‘ब्लिस्टर’. कागदावर ‘टीबीएसए’ आणि टक्के असतात, म्हणजे अंगाचा किती भाग भाजला. पेशंटचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, साधारण १ टक्का. ‘सुपरफिशियल’ वरवरचं, ‘पार्शियल थिकनेस’ मधलं, ‘फुल थिकनेस’ सगळे थर गेलेलं. शब्द शोधण्याआधी भाजलेली जागा २० मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट नको, बर्फही नको.

चावण्याचं बघा. कुत्रा चावला तर ‘डॉग बाइट’, साप चावला तर ‘स्नेक बाइट’, पण विंचू, गांधीलमाशी, मधमाशी यांची ‘स्टिंग’. कुत्र्याच्या बाबतीत कागदावर ‘कॅटेगरी’ असते. अखंड कातडीला चाटलं तर १, रक्त न येता ओरखडा तर २, दात घुसून रक्त आलं तर ३. तिसऱ्यात लसीबरोबर ‘इम्युनोग्लोब्युलिन’ही लागतं. तो शब्द कागदावर नसेल तर विचारावं. जखम साबण लावून १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं धुणं हे त्याही आधीचं. कुत्रा भटका तर ‘स्ट्रे’, पाळलेला तर ‘पेट’. सापाच्या बाबतीत चावल्याची वेळ आणि सापाचं वर्णन सांगा. पकडून आणायला जाऊ नका. नाग ‘कोब्रा’, मण्यार ‘क्रेट’, घोणस ‘रसेल्स व्हायपर’, फुरसं ‘सॉ-स्केल्ड व्हायपर’. सरकारी दवाखान्यातलं प्रतिविष या चौघांवर चालतं.

दुखतंय कसं

‘माय लेग इज पेनिंग’ भारतात समजतं. बाहेर ‘माय लेग हर्ट्स’ म्हणावं. ठणका ‘थ्रॉबिंग’, चमक किंवा कळ ‘शूटिंग’, आग ‘बर्निंग’, टोचणं ‘प्रिकिंग’, मुंग्या ‘टिंगलिंग’, बधिर ‘नम’, आखडलेलं ‘स्टिफ’, हात लावल्यावर दुखणारं ‘टेंडर’. मुंग्या आणि बधिरपणा आवर्जून सांगावा, विशेषतः प्लास्टर घातल्यानंतर बोटांना तसं वाटू लागलं तर लगेच. आत सूज वाढून रक्तपुरवठा अडत असल्याची ती खूण असू शकते. सकाळपर्यंत थांबायचं ते दुखणं नव्हे.

हातात आलेला कागद

गोळ्यांपुढे ‘ओडी’ म्हणजे दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज पडली तर. ‘एनबीएम’ म्हणजे तोंडातून काहीही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. भेटायला आलेल्या काकू प्रेमानं संत्र्याचा रस पाजतात आणि ऑपरेशन पुढे ढकललं जातं. ‘सूचर रिमूव्हल’ टाके काढणं, ‘अल्टरनेट डे ड्रेसिंग’ एक दिवसाआड ड्रेसिंग. ‘लिंब एलिव्हेशन’ म्हणजे हात किंवा पाय उशीवर उंच ठेवणं. आणि ‘एनडब्ल्यूबी’, नॉन वेट बेअरिंग, म्हणजे त्या पायावर अजिबात वजन टाकायचं नाही. ‘हळूहळू चाला’ असा अर्थ काढून संडासापर्यंत चालत जाणारे बरेच असतात.

सही करण्याआधी दोन आद्याक्षरं ओळखा: ‘डामा’ आणि ‘लामा’. दोन्हींचा अर्थ, डॉक्टरांचा सल्ला मोडून आम्ही पेशंटला नेत आहोत. पैसे संपले म्हणून सरकारी दवाखान्यात हलवायचं असेल तर ‘रेफर्ड टू हायर सेंटर’ असं लिहून मिळतं का ते विचारा. पुढच्या दवाखान्यात आणि विम्यात दोन्हींचं वजन वेगळं पडतं. पैशांचाच प्रश्न असेल तर रस्ता अपघातातल्या जखमीला अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचार देणारी केंद्राची योजना ५ मे २०२५ पासून आहे. तिचं विचारायचं ते दाखल करतानाच.

आणखी एक शेरा डोळ्यांत तेल घालून वाचा: ‘स्मेल ऑफ अल्कोहोल’. त्याच्या आधी ‘नो’ आहे की नाही, यावर वैयक्तिक अपघात विम्याचं बरंच काही अवलंबून असतं.

विमा कंपनीला कळवताना

चार वाक्यं पुरतात: केव्हा-कुठे, कसं, कुठे लागलं, आता कुठे आहे. उदाहरणार्थ: ‘माय ब्रदर हॅड अ रोड ॲक्सिडेंट लास्ट नाइट ॲट नाइन, नियर ऑटोमोटिव्ह स्क्वेअर, नागपूर. ही वॉज राइडिंग हिज स्कूटर अँड अ ट्रक हिट हिम फ्रॉम बिहाइंड. ही हॅज अ क्लोज्ड फ्रॅक्चर ऑफ द राइट लेग, बिलो द नी. ही इज ॲडमिटेड अँड इज गोइंग फॉर सर्जरी टुमॉरो.’ तारीख, पॉलिसी नंबर आणि दवाखान्याचं नाव वेगळ्या ओळीत. विशेषणं नकोत, ‘हॉरिबल’ वगैरे तर नकोच. घरातल्या सातवी-आठवीच्या पोराकडून ही चार वाक्यं वेगवेगळे अपघात कल्पून म्हणवून घ्यावीत. फोन लावायची वेळ येते तेव्हा बरेचदा तेच घरात सगळ्यांत शांत असतं.

केस पेपरवर चूक सापडली, डावं-उजवं उलटं झालं, रायडरच्या जागी पिलियन पडलं, तर स्वतः पेननं गिरवायचं नाही. गिरवलेला कागद पुढे कुणी मानत नाही, उलट संशय घेतात. ज्या डॉक्टरांनी लिहिलं त्यांनाच, त्यांची ड्यूटी संपायच्या आत गाठावं. ‘सर, मागून धडक बसली होती, इथं फक्त स्किड लिहिलंय’ एवढं मराठीत सांगितलं तरी चालतं. ते चुकीवर एकच रेघ मारून शेजारी नवं लिहितील, सही करतील, तारीख आणि वेळ टाकतील. मग त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घ्यावा.